सातमाळा रेंज सलग पायी: अचला ते चांदवड, प्रकल्प नोंदी

१९ ऑक्टोबर
नकाशा पसरून मी आणि मेव्हणा बसलो, आज फक्त रूट. सातमाळेतले किल्ले आपण नाशिककर सुटे सुटे करतो, रविवारी धोडप, पावसात मार्कंड्या, नवरात्रात सप्तशृंगी गड. आमचेही बरेचसे तसेच झालेत. आता करायचंय ते सलग, म्हणजे एक किल्ला उतरून गाडीत बसून दुसऱ्याच्या पायथ्याला जायचं नाही, मधली प्रत्येक खिंड आणि प्रत्येक बारी (डोंगर ओलांडायची वाट) पायी. माझं ठाम मत आहे की सातमाळा कळते ती या मधल्या चालीत, किल्ल्याच्या माथ्यावर नाही. पण माहिती सगळी किल्ल्यांची मिळते, जोडण्यांची कोणी लिहीत नाही, म्हणून या नोंदी.

सुरुवात-शेवट कुठे यावर बराच वेळ गेला. रांगेचं नाव घेताना लोक हातगडपासून अंकाई-टंकाईपर्यंत घेतात. पण हातगड तिकडे सापुताऱ्याच्या अंगाला एकटा आहे आणि चांदवडला मुंबई-आग्रा हायवे ओलांडला की डोंगर तुटक होत जातात, मध्ये शेतं आणि रस्ते. म्हणून सलग भाग धरला अचला, अहिवंत, मोहनदर, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई, चांदवड. कण्हेरगड उत्तरेला बाजूला पडतो, तो सोडला.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. कारण साधं आहे, शेवटचा दिवस कधी संपेल ते सांगता येत नाही आणि चांदवडला हायवे असल्यामुळे रात्री कितीही वाजता उतरलं तरी नाशिकची गाडी मिळते. उलट केलं तर दगड पिंपळगावला अंधारात उभं राहावं लागेल. तोटा एकच आणि तो मोठा आहे, सगळ्यात कोरडा आणि अवघड भाग दमलेल्या पायांवर येतो.

९ नोव्हेंबर
बाइकवर शिधा पोचवायला गेलो. नांदुरी, हट्टी आणि राजधेरवाडी अशा तीन ठिकाणी एकेक पत्र्याचा डबा ठेवायचा, म्हणजे सॅकमध्ये दोन-तीन दिवसांचंच खाणं राहील. डब्यात तांदूळ, मूगडाळ, पोहे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चहा-साखर, सेल, ओआरएस, एक जोडी मोजे. एका दिवसात तिन्ही गावं होतील असा अंदाज होता, पण नांदुरीहून हट्टीला जायचं म्हणजे डोंगराला वळसा घालून वणीमार्गे खाली येऊन परत धोडंब्याला शिरायचं, त्यातच दुपार गेली आणि राजधेरवाडी दुसऱ्या रविवारवर गेली. पेट्रोल दोन्ही वेळचं मिळून साडेआठशे.

हट्टीत ज्या घरी डबा ठेवला तिथल्या आजींनी माझा मोबाईल नंबर नातवाकडून दाराच्या चौकटीवर खडूने लिहून घेतला आणि डबा आढ्याला टांगला. म्हणाल्या, "खाली ठेवला तर उंदरं पत्र्यालाही सोडत नाहीत दादा." नांदुरीचा डबा मात्र जमिनीवरच होता, त्याचं पुढे येईलच.

येताना जमेल तिथे पाण्याची चौकशी केली. गावात विचारताना "वर पाणी आहे का" असं विचारू नका, उत्तर नेहमी हो येतं. "गुरं वर पाण्याला कुठे नेता आणि कोणत्या महिन्यापर्यंत" असं विचारलं की खरी माहिती मिळते.

२१ डिसेंबर
नाशिकहून लालपरीने वणी, तिथून जीपने दगड पिंपळगाव. दोघांच्या सॅक प्रत्येकी तेरा-चौदा किलो, त्यात चार लिटर पाणी. अचला ठीक आहे, वाट मळलेली, वर खोदीव पायऱ्यांचे अवशेष आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. सॅक खालीच ठेवून वर जाऊन आलो.

खरा प्रश्न त्यानंतर. सॅटेलाइट नकाशावर अचल्यापासून अहिवंतकडे डोंगराच्या पोटातून एक रेघ स्पष्ट दिसते, आम्ही ती मोबाईलमध्ये आखून घेतली होती. प्रत्यक्षात ती ढोरवाट निघाली, गवतात सुरू होते आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-मुरमाच्या उतारावर, संपते. डिसेंबरचं गवत पिवळं, वाळलेलं, आडवं पडलेलं, त्यावर बूट अजिबात धरत नाही आणि खाली बारीक मुरूम. एक ओहळ ओलांडायला अर्धा तास आणि असे ओहळ ओळीने पुढे दिसत होते. तिसऱ्या ओहळाशी बकऱ्या घेऊन एक बाबा भेटले, त्यांनी लांबूनच हात केला. "ती वाट ढोरांची हाय, माणसांची न्हाई. खाली उतरा बिलवाडीकडं अन् मग चढा."

उतरलो. उंची गमावली, पण तासाभरात सपाट वाटेला लागलो, नाहीतर संध्याकाळ घसाऱ्यावरच झाली असती. अडीच तास वाया गेले. त्या संध्याकाळीच ठरवलं की पोटातून जाणारी आडवी वाट समोर स्पष्ट मळलेली दिसली तरच घ्यायची, नाहीतर सरळ खाली उतरून दुसरी सोंड चढायची. पुढे हा नियम मोडला नाही, जवळ्याजवळ एकदा तो फसला एवढंच, आणि जो वेळ वाचला तो यामुळेच वाचला.

मुक्काम बिलवाडीत एका पडवीत. पैसे घेतले नाहीत, मुलांना वह्या घ्यायला दोनशे ठेवले.

२२ डिसेंबर
अहिवंत. हा किल्ला आकाराने अवाढव्य आहे, पठारावर नुसतं फिरायचं म्हटलं तरी अर्धा दिवस जातो. आम्ही तळं बघितलं आणि दरेगावच्या बाजूला उतरलो. दुपारी मोहनदर, त्याचं नेढं खालूनच दिसत राहतं, देवीने महिषासुराला मारलं तेव्हा डोंगराला ते भोक पडलं असं इकडे सांगतात. नेढ्यात वारा इतका जोराचा होता की उभं राहून बोलता येईना.

संध्याकाळी नांदुरी. डबा उघडला तर पोह्यांच्या पिशवीत मुंग्या आणि गुळाचा पार लगदा. झाकण घट्ट होतं, पण कडेला पत्रा किंचित वाकलेला. पोहे टाकले, दुकानातून नवीन सामान घेतलं, एकशे ऐंशी रुपये. डबे ठेवणार असाल तर झाकणाच्या कडेला सेलोटेपचे दोन वेढे द्या आणि गूळ वेगळ्या बाटलीत भरा.

२३ डिसेंबर
नांदुरीहून पायी गडावर. या वाटेबद्दल नाशिककरांना काय सांगायचं, कोजागिरीला कावडीवाले आणि चैत्रात सगळा खानदेश हीच चढण चढतो. वर २०१८ पासून ट्रॉली सुरू झालीय पण सलग पायी म्हटल्यावर पायऱ्याच. दर्शनाला रांग होती, सॅक दुकानात ठेवायचे चाळीस रुपये.

दुपारीच मार्कंड्याकडे निघायचा विचार होता. पण मेव्हण्याच्या टाचेला आलेला फोड फुटला होता आणि बूट काढल्यावर मोजा चिकटलेला. त्याला म्हटलं बस आता. भक्तनिवासात खोली घेतली, प्रसादालयात जेवलो. टाच मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, कोरडी केली, वर मेडिकलमधली चिकटपट्टी. अर्धा दिवस गेला पण त्या अर्ध्या दिवसामुळेच तो पुढे चालू शकला. फोडावर "बघू उद्या" चालत नाही, सलग ट्रेकमध्ये उद्या परत तेवढंच चालायचं असतं.

२४ डिसेंबर
मार्कंड्या. गडावर देवीची मान किंचित कललेली आहे ती समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत होते ते ऐकण्यासाठी, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. पण गडावरून पायी खिंडीत उतरून समोर चढताना पहिल्यांदा जाणवलं की हे दोन डोंगर एकमेकांच्या किती समोरासमोर आहेत. गाडीने मुळाणे बारीत येऊन चढलं की हे कळत नाही. गुहा, रामकुंड, वर ऋषींचं मंदिर. सोमवती अमावास्येला इथे यात्रा असते, एरवी शुकशुकाट.

मुळाणे बारीत उतरून रस्ता ओलांडला आणि रवळ्या-जवळ्याच्या पठारावर चढलो. पठारावर वस्ती आहे, पाणी आहे, रात्री मुक्कामाला सगळ्या रांगेत यापेक्षा चांगली जागा नाही. थंडी मात्र कडक. निफाडला पारा उतरल्याच्या बातम्या आपण घरी चहा पिताना वाचतो, इथे उघड्यावर त्याच हवेत झोपायचं. स्लीपिंग बॅगच्या आत गोणपाट घातलं तेव्हा कुठे झोप लागली.

२५ डिसेंबर
सगळ्यात वाईट दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

सकाळी रवळ्या, वर जायला शेवटी कातळटप्पा आहे, सॅक खाली ठेवून केला. मग जवळ्या. त्यात साडेअकरा वाजले. इथून धोडप समोर दिसतो आणि तो दिसतो हीच अडचण आहे, डोळ्याला जवळ वाटतो. आमच्या अंदाजाने चार तास, लागले साडेसात.

सुरुवातीला धारेवरून चाललो, तिथे वाट चांगली आहे. पुढे धार अरुंद होते आणि एका ठिकाणी समोर कडा येतो. तिथे डावीकडे मळलेली वाट दिसली, नियमाप्रमाणे घेतली, पण ती गवत कापणाऱ्यांची होती, पेंढ्या रचलेल्या जागेपर्यंत जाऊन संपली. परत मागे. तोवर दोघांकडे मिळून दीड लिटर पाणी उरलं होतं. गावात सांगितलेला झरा सापडला, पण झऱ्याच्या जागी ओली माती आणि गुरांचे खूर. हाताने उकरून अर्धा तास बसलो असतो तर गढूळ लिटरभर मिळालं असतं. नाही बसलो.

पुढे जायच्या नादाला न लागता दक्षिणेच्या सोंडेवरून सरळ खाली शेतांत उतरलो. एका मळ्यात कांद्याला पाणी भरणं चालू होतं. पाइपाच्या तोंडाशी बसून दोघांनी पोटभर पाणी प्यायलं, बाटल्या भरल्या, ओआरएस टाकलं. मळ्यातल्या ताईंनी भाकरी आणि कांद्याची पात दिली. तिथून शेताच्या बांधांवरून आणि कच्च्या रस्त्याने अंधार पडल्यावर हट्टी.

जे कोणी करणार असतील त्यांनी जवळ्या ते धोडप हा टप्पा स्वतंत्र दिवस धरा. आदल्या दिवशी रवळ्या आणि जवळ्या दोन्ही उरकून पठारावर परत झोपा आणि पहाटे निघा, माणशी पाच लिटर. मधलं एकही पाणी धरू नका.

२६ डिसेंबर
आजींकडचा डबा जसाच्या तसा. पण सकाळी बघतो तर माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडलेला. फेविक्विकने चिकटवला, घरातून अंगणात येईपर्यंत परत सुटला. वाकणाऱ्या जागी ते टिकत नाही. शेवटी दुधाच्या टेम्पोने वडाळीभोईला गेलो, तिथे चांभारकाकांनी सोल पूर्ण काढून, चिकटवून, वर कडेने दोऱ्याची शिलाई मारली. ऐंशी रुपये. त्यांनी तिथेच डावा बूटही मागून घेतला आणि वाकवून बघितला, म्हणाले "हाही दोन दिवसांत जाणार", आणि तोही शिवून दिला. पुढे शेवटपर्यंत धागा हलला नाही. निघायच्या आधी घरूनच नवे-जुने कसेही बूट कडेने शिवून आणा, हे मी सगळ्यांना सांगणार आहे. टेम्पोने गेलो तरी हट्टीतच परत आलो आणि तिथूनच चालायला लागलो, त्यामुळे सलग तुटलं नाही.

दुपारी धोडप. सातमाळेतला सगळ्यात उंच आणि राज्यातल्या सर्वांत उंच किल्ल्यांपैकी एक. वाटेत सोनारवाडीचे अवशेष, दरवाजे, शिलालेख, वर देवीची गुहा, आम्ही तिथेच झोपलो. जवळच्या टाक्याचं पाणी थंडगार आणि गोड. संध्याकाळी माचीच्या टोकाला गेलो. त्या कातळभिंतीत जी चौकोनी खाच आहे ती करवतीने कापून काढल्यासारखी, कडेला बसून खाली बघितलं तर पाय आपोआप मागे येतात. १७६८ मध्ये इथेच थोरल्या माधवरावांनी रघुनाथरावदादांना हरवून पुण्याला नेलं. खाली दिसणारी शेतं तेव्हा काका-पुतण्याच्या फौजांनी भरलेली असतील हे त्या जागी बसल्यावर फार लागतं मनाला.

२७ डिसेंबर
धोडप उतरून इखाऱ्याचा सुळका डाव्या हाताला ठेवत कांचनाकडे. हा टप्पा सुंदर आहे आणि वाटही सापडते. खेलदरीत दुपारचं जेवण, पिठलं-भाकरी, दोघांचे दोनशे. कांचन्यावर घसारा आहे, पण आता घसाऱ्यावर चालायची सवय झाली होती, टाच रोवायची आणि काठी वरच्या बाजूला.

कांचनबारीत मुद्दाम थांबलो. १७ ऑक्टोबर १६७०, सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज परतत होते आणि मुघल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडहून रात्रीच निघून आडवा आला. महाराजांनी खजिना पुढे काढून दिला आणि स्वतः मागे फिरून उघड्या मैदानात लढले, जिंकले. आम्हाला इथून चांदवडला पोचायला अजून काही दिवस लागणार होते, त्यातलं मुख्य कारण मधले किल्ले, पण तरीही, रात्रीच्या अंधारात घोडदळ घेऊन हे अंतर तोडणाऱ्या माणसाला थोपवायचं म्हणजे काय असेल याचा अंदाज पायी चालल्यावरच येतो. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेची एक सहल तरी या बारीत यायला हवी.

२८ डिसेंबर
कोळधेर आणि राजधेर. कोळधेरला लोक फार जात नाहीत, वाट झाडोऱ्यात हरवते, घाणेरीने हात सोलवटले. फुल बाह्यांचा शर्ट लागतोच. राजधेरला तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी लोखंडी शिडी आहे, सॅक पाठीवर घेऊन चढताना शिडीच्या वरच्या टोकाला सॅक कातळात अडकते, म्हणून आधी एकाने रिकामं चढायचं आणि सॅक दोरीने ओढून घ्यायच्या. वरची गुहा मुक्कामाला उत्तम. राजधेरवाडीचा डबा सुरक्षित, याला टेप होती.

२९ डिसेंबर
इंद्राई. कातळात खोल खोदलेल्या पायऱ्यांची वाट आणि तिथला फारसी शिलालेख, नुसतं एवढ्यासाठी यावं. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये पायऱ्या, ऊन आत येत नाही. टाकी भरपूर, पण सगळी पिण्यासारखी नाहीत. आम्ही महादेवाच्या मंदिराजवळचं पाणी फडक्यातून गाळून क्लोरीनचे थेंब टाकून घेतलं, त्रास झाला नाही. उतरून वडबारे.

३० डिसेंबर
चांदवड किल्ल्याच्या पायथ्याला पोचायला दीड वाजला, कारण वडबाऱ्याकडून येताना दाट झुडपात वाट शोधत राहिलो. १८१८ मध्ये इंग्रजांनी या पट्ट्यातले किल्ले घेतल्यावर वाटा तोडल्या, त्याचा परिणाम सगळ्यात जास्त इथे दिसतो. वर जायला घसाऱ्याची उभी चढण आणि मग कातळटप्पा. आमच्याकडे सॅक ओढायची पातळ दोरी होती, माणसाचं वजन घेणारा रोप नव्हता. मेव्हणा म्हणाला चढू शकतो. चढलो असतोही, पण उतरणं अंधारात आलं असतं. अडीच वाजता परत फिरायचं ठरवलं आणि खाली रेणुकामातेच्या देवळात जाऊन बसलो. ज्या दगडापासून परत फिरलो त्याचा फोटो आणि लोकेशन घेऊन ठेवलं. रात्री हायवेवरून बसने नाशिक.

१२ जानेवारी
पहाटेच्या गाडीने चांदवड. या वेळी एका गिर्यारोहक मित्राचा तीस मीटरचा रोप, दोन हार्नेस आणि खालच्या वस्तीवरचा एक तरुण सोबत, त्याने दिवसाचे आठशे घेतले आणि ते पैसे अगदी वसूल झाले. घसाऱ्यात वाट नेमकी कुठून घ्यायची ते त्याच्या पायांना माहीत होतं. फोटोतल्या दगडापासून पुढे निघालो. कातळटप्पा रोप लावून पंधरा मिनिटांत झाला.

साडेदहाला माथ्यावर. टांकसाळ म्हणून दाखवतात त्या इमारतीच्या भिंती, टाकी, खाली होळकरांचा रंगमहाल आणि हायवेवरचे ट्रक. पश्चिमेला इंद्राई, राजधेर, कोळधेर आणि त्यांच्या मागे धुरकट हवेत धोडपची खाच ओळखू आली. मेव्हण्याने एकेक नाव मोठ्याने घेतलं आणि मग त्याला पुढे बोलता येईना. मलाही.

खर्च दोघांचा मिळून, पेट्रोल, शिधा, एसटी, जीप, खोली, वाटाड्या आणि या शेवटच्या फेरीसकट, साधारण साडेसात हजार. रोप विकत घेतला असता तर वेगळा.

उतरताना रोप खालच्या माणसाने ताणून धरायचा नाही, सैल ठेवायचा, नाहीतर वरचे सुटे दगड हलतात, हे त्या तरुणाने दोनदा बजावलं. पुढचं काम मेसणा, कात्रा आणि अंकाई-टंकाई हे पूर्वेकडचे किल्ले. त्या बाजूची टाकी फेब्रुवारीत कितपत धरतात ते बघायला येत्या रविवारी मनमाडला जातोय.